पत्राच्या दिवशी चढणारा आकडा

कोरेगाव, जिल्हा सातारा
ता. २५ मे १९४२

सिस्टर चंदनबाला यांस,
ज्योतिबा मास्तरांचा नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. माझी सून बनू आपल्या दवाखान्यात दाखल आहे, म्हणून हे पत्र. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे आम्ही तिला हरिपूरला पाठवली. तिथे पायांवर सूज दिसली, डोके दुखू लागले, म्हणून तिच्या आत्याने, अंबूबाईने, तिला सांगलीस आपल्याकडे आणले. आपल्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपण होईपर्यंत ठेवून घेतले हे उत्तम केले.

मी एकतीस वर्षे शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो. सातारा, कऱ्हाड, सांगली इथल्या सभांतून बोललो. माझ्या सभांना कर्णा लागत नाही. धोंडे खाल्ले, पण वाक्य अर्धे सोडले नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. आपण कोणाच्या सुनेची शुश्रूषा करता आहात हे आपल्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठी.

माझा मुलगा लालासाहेब मराठा पलटणीत आहे. दिवाळीच्या रजेवर घरी आला होता, त्यानंतर समुद्रापार गेला. सध्या सिलोनात सुखरूप आहे. त्याची पत्रे माझ्याकडे येतात. मूळ पत्र मी जपून ठेवतो आणि नक्कल काढून पाठवतो. बनूला वाचता येत नाही, तिच्या माहेरीही कोणाला येत नाही. तेव्हा सोबतचे पत्र आपण तिला वाचून दाखवावे. चांगल्या खणखणीत आवाजात, आनंदाने वाचावे. तिच्यासमोर वर्तमानपत्र आणू नये, लढाईची चर्चा होऊ देऊ नये आणि तिला रडू तर मुळीच देऊ नये. पोटुशी बाई रडली तर मूल रडवे होते असे आमच्याकडच्या बायका म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही, तरीही रडू देऊ नये.

पत्रे हेच तिचे खरे औषध आहे. बाकीचे आपण द्यालच.

आपला,
ज्योतिबा मास्तर


सांगली
ता. १ जून १९४२

ती. मास्तरांना
चंदनबालेचा सविनय नमस्कार.

आपले पत्र आणि आतले पत्र दोन्ही मिळाली. आतले पत्र त्याच दिवशी दुपारी बनूच्या खाटेशी बसून वाचले. खणखणीत वाचायला सांगितले होते, म्हणून उभी राहून वाचले. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकाही उठून बसल्या. एकीने विचारले, "बाई, ह्यो कुठला राजा हाय?" मी म्हटले, राजा नव्हे, कोरेगावचा शिपाई आहे.

खरे सांगते मास्तर, असे पत्र मी वाचले नव्हते. इथे दर तिसऱ्या खाटेवर पलटणीतल्या कोणाची तरी बायको असते. त्यांची पत्रे वाचायचे काम माझ्याकडेच येते. त्यांत "मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा" याच्यापुढे फारसे काही नसते. आणि तुमचे चिरंजीव लिहितात, "प्रिय बनू, माणसाने माणसासमोर वाकायचे दिवस संपले आहेत, आणि आपले मूल ताठ मानेचे निपजेल." हे वाक्य फौजेच्या सेन्सॉरच्या कात्रीतून कसे सुटले, याचेच मला नवल वाटले.

आता बनूविषयी. तिला आम्ही मीठ बंद केले आहे आणि खाटेवरच ठेवले आहे. सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतो आणि आकडा तक्त्यावर मांडतो. हा आकडा फार चढला तर झटके येतात, आणि मग आई आणि मूल दोघेही हातचे जाऊ शकतात. हे मी तुम्हाला लपवणार नाही. सूज आणि आकडा नुसत्या काळजीमुळे असतात असे नाही. तो एक वेगळा आजार आहे आणि डॉक्टरीणबाई त्याच्यावर उपाय करत आहेत. पण काळजी त्याला हात देते, हे मी सहा वर्षे पाहते आहे. आजार बघायला डॉक्टरीणबाई आहेत. काळजी बघायला नर्स असते.

ते काम मी असे करते. रोज दुपारी तिच्या पायांशी बसते, बोलत नाही. पहिले चार दिवस तीही बोलली नाही. पाचव्या दिवशी विचारले, "बाई, बाळ कुठनं काडत्यात, त्या खोलीत?" मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून ती खोली दाखवून आणली. टेबल दाखवले, दिवा दाखवला, कळा कशा सुरू होतील, मध्ये उसंत कशी मिळेल, मी कुठे उभी असेन ते सगळे सांगितले. त्या रात्री ती पहिल्यांदा चार तास सलग झोपली.

अंबूबाईंचा मात्र उपद्रव होता. त्या उशाशी बसून कोणाचे मूल आडवे आले आणि कोणाचे पायाळू निघाले याच्या गोष्टी सांगत. मी त्यांना पट्ट्या गुंडाळायच्या कामाला लावले. आता वऱ्हांड्यात बसून त्या सगळ्या दवाखान्याच्या पट्ट्या गुंडाळतात आणि आमच्या मुकादमिणीला धाक दाखवतात.

एक गोष्ट कळत नाही. पत्र वाचल्याच्या दिवशी बनूचा आकडा चढला. काल आपण मागाहून पाठवलेले चिरंजीवांचे दुसरे पत्र वाचले, तेव्हाही चढला. मला वाटते, नवऱ्याची आठवण असह्य होत असेल. एवढे प्रेमाचे पत्र ऐकून कोणाचेही होईल.

आपली,
चंदनबाला


कोरेगाव
ता. ६ जून १९४२

सिस्टर चंदनबाला यांस,
नमस्कार.

आपल्या पत्रातला चिरंजीवांच्या लेखणीचा गौरव वाचून संतोष झाला. लालाला लिहिण्याचे अंग आहे. मी लहानपणापासून त्याच्याकडून वाचन करून घेतले आहे.

आकडा चढतो म्हणता, तो आनंदाने चढत असेल. आनंदानेही काळीज धडधडते. उलट मला वाटते, पत्रे लहान पडतात. सोबत लालाचे नवे पत्र पाठवतो. हे सहा पानी आहे. एका बैठकीत वाचावे.

खोली दाखवली हे मला पसंत नाही. शस्त्रे, हत्यारे पाहून धास्ती वाढते. बाईला जितके कमी कळेल तितके बरे. आपण मीठ, दूध, औषध पाहावे. माणसांची मने मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. ते शास्त्र आपल्या तक्त्यात बसणार नाही.

ज्योतिबा मास्तर


सांगली
ता. १४ जून १९४२

ती. मास्तरांना
चंदनबालेचा नमस्कार.

सहा पानी पत्र मी वाचले. बनूला नव्हे, आधी एकटीने वाचले. चौथ्या पानावर थांबले.

तिथे लिहिले आहे, "मुलगी झाली तर तिच्या हाती पाटी दे. पाटी धरलेला हात पुन्हा कोणाच्या पायाला लागत नाही."

मास्तर, हे वाक्य मी ऐकलेले आहे. बारा वर्षांपूर्वी, सांगलीत, मारुतीच्या पटांगणात. मी चौदा वर्षांची होते. माझे वडील कल्लाप्पा हळद घालायला बाजारात आले होते, आणि मी त्यांच्या गाडीत पोत्यावर बसून ऐकत होते. काळ्या कोटातले एक गृहस्थ कर्ण्यावाचून बोलत होते. ते हे वाक्य बोलले आणि गर्दीतून एक धोंडा आला. त्यांच्या कपाळाला लागला. त्यांनी रुमाल लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. घरी जाताना मी आप्पांना म्हटले, मला शिकायचे आहे. आमच्या जैन समाजात मुलीने नर्स होणे, परक्याच्या रक्तात हात घालणे, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन वर्षे नातलग आमच्या घरी पाणी प्यायले नाहीत. मी हटले नाही. कारण ते कपाळ मला दिसत होते.

तेव्हा तुमचे वाक्य मी ओळखणार नाही असे कसे होईल? तुमच्या मुलाने ते तुमच्याकडून उचलले असेल, असे मी तासभर स्वतःला समजावले. मग पहिली दोन पत्रे काढून पुन्हा वाचली. सगळीकडे तुम्हीच आहात. मास्तर, तुमचा मुलगा कुठे आहे?

मी बनूला काही बोललेले नाही. पण तक्ता सोबत पाठवते. तांबड्या शाईने खूण केलेले तीन दिवस पाहा. दोन पत्रांचे आहेत. तिसरा दिवस म्हणजे परवाचा, ज्या दिवशी पोस्टमन सहा पानी पाकीट घेऊन आला आणि तिने ते फक्त माझ्या हातात पाहिले. वाचायच्या आधीच आकडा चढला. हा आनंद नव्हे.

काल ती कपड्यांच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसून माझ्याबरोबर लंगोट्यांच्या घड्या घालत होती. ती खोली मी रडायला ठेवली आहे. तिथे दार लावता येते, आणि कोणी कोणाला गप्प बस म्हणत नाही. ती पोटभर रडली आणि म्हणाली, "बाई, समदी माझ्याफुडं हसत्यात. मी आजारी हाय म्हून का दुसरं काय हाय, ते मला कुणी सांगंना." रडून आली त्या संध्याकाळी आकडा आठवड्यातला सर्वांत कमी होता. तोही तक्त्यावर आहे, निळ्या शाईने.

तुम्ही लिहिले, बाईला जितके कमी कळेल तितके बरे. पटांगणात तुम्ही याच्या बरोबर उलट बोलला होता. आणि ज्यांनी गावोगाव पाट्या वाटा म्हणून सांगितले, त्यांच्या घरच्या सुनेला स्वतःच्या नवऱ्याचे पत्र वाचता येऊ नये?

रागावलात तरी चालेल. उत्तर मात्र द्या.

चंदनबाला


कोरेगाव
ता. २१ जून १९४२

सिस्टर,

रागावलो होतो. तुमचे पत्र फाडायला घेतले होते. कपाळाची खूण अजून आहे, आरशात पाहिली, आणि फाडले नाही.

सुनेला का शिकवले नाही, ते आधी सांगतो, कारण ते लाजेचे आहे आणि दुसऱ्या गोष्टीपेक्षा सोपे आहे. आमच्यात सून सासऱ्यासमोर बसत नाही. मी पुढच्या सोप्यात असलो की ती दाराआड. दाराआडच्या माणसाच्या हाती पाटी कशी द्यायची, हा प्रश्न मला चाळीस वर्षांच्या व्याख्यानांत कधी पडला नाही. तो माझ्या घरात पडला, आणि मी त्याला वळसा घालून सभेला गेलो.

आता दुसरी गोष्ट. लाला मलायात होता. सिंगापूर पडले ते फेब्रुवारीत. नऊ एप्रिलला फौजेचे पत्र आले. फेब्रुवारीपासून तो बेपत्ता आहे, असे त्यात होते. मेला असे लिहीत नाहीत, जगला असेही लिहीत नाहीत. दहा दिवसांनी बनूचे डोहाळजेवण होते. गावातल्या सगळ्या बायका बोलावलेल्या, ओटीचे खण आणलेले. पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होते. मी त्या बायकांसमोर बोललो. मातृत्वावर बोललो. लोक म्हणाले, मास्तर इतके चांगले कधी बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात पहिले पत्र लिहिले. तिचे तोंड उतरलेले पाहवेना म्हणून लिहिले. दुसरे कशासाठी लिहिले ते सांगता येत नाही. लिहिताना लाला बोलतो असे वाटायचे. आजवर सात पत्रे झाली. चार इथे वाचली, तीन तुमच्याकडे पाठवली.

फौजेचे मूळ पत्र सोबत ठेवले आहे. तुम्ही तिला सांगा. तुमच्या हाताला सवय आहे, तुम्हाला योग्य वेळ कळते. मी हजारो लोकांसमोर उभा राहिलो आहे. या एका मुलीसमोर माझ्याने उभे राहवणार नाही.

ज्योतिबा


सांगली
ता. २४ जून १९४२

ती. मास्तरांना
नमस्कार.

फौजेचे पत्र परत पाठवते आहे. ते मी सांगणार नाही.

मला भीती वाटते म्हणून नव्हे. वाईट बातम्या मी सांगितल्या आहेत, मेलेले मूल आईच्या हातात दिले आहे. पण ही बातमी माझ्या तोंडून गेली, तर तिला कळेल की नवरा बेपत्ता आहे आणि घरातले माणूसही समोर यायला तयार नाही. दोन्ही ओझी एकदम पडतील. तुमच्या तोंडून गेली, तर एकच पडेल, आणि ते उचलायला एक माणूस जवळ असेल.

डॉक्टरीणबाईंना मी सारे सांगितले आहे. त्या म्हणाल्या, धोका दोन्हीकडे आहे. पण बाळंतपणाच्या कळांत हे बाहेरच्या कोणाकडून कानावर पडले तर तो धोका सर्वांत मोठा. हरिपूरच्या बाजारात सिंगापूरचे नाव पोरांच्या तोंडी आहे. आपले गुपित किती दिवस टिकेल?

रविवारी, अठ्ठावीस तारखेला या. मिरजेला गाडी बदला. चार वाजता या. मी आधी तिला खायला घातलेले असेल. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत असतील, औषध तयार असेल. मी पलीकडच्या बाजूला तिचा हात धरून असेन.

आणि मास्तर, तुम्हाला बोलायला शिकवण्याचे धाडस करते, माफ करा. उभे राहू नका, स्टुलावर बसा. प्रस्तावना नको. देश नको, इतिहास नको. तीन वाक्यांत सांगा आणि थांबा. मग ती जितका वेळ गप्प राहील तितका वेळ तुम्हीही गप्प राहा. धीर धर म्हणू नका. हे शेवटचे तुम्हाला सर्वांत कठीण जाईल.

मी तुमच्यामुळे नर्स झाले. आता माझ्या कामाच्या जागी या, आणि माझे ऐका.

चंदनबाला


कोरेगाव
ता. १ जुलै १९४२

चि. चंदनबालेस,
अनेक आशीर्वाद.

मी तिथून तसाच निघालो, तुझ्याशी दोन शब्द बोललो नाही. गाडीतही कोणाशी बोललो नाही. शेजारी एक ओळखीचा वकील होता, तो मिरजेपासून ताकारीपर्यंत मला विचारत होता, मास्तर, प्रकृती बरी ना?

तू तिथे होतीस, सगळे पाहिलेस. तरीही मी लिहितो, कारण मला ते माझ्या हाताने लिहून ठेवायचे आहे. गेले दोन महिने या हाताने खोटे लिहिले.

मी स्टुलावर बसलो. बनूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उठू लागली, तर तू तिला खांद्याला धरून बसवलेस. मी म्हणालो, "बनू, लालाचा फेब्रुवारीपासून पत्ता नाही. फौजेचं तसं पत्र आलंय. तुला वाचून दाखवली ती पत्रं मी लिहिली."

मग थांबलो. माझ्या आयुष्यात इतकी लांब शांतता मी कधी सोसली नव्हती. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळाचा राग आला.

आणि मग ती म्हणाली, "मला ठावं हाय, मामंजी."

मला वाटले, तूच सांगितलेस. मी तुझ्याकडे पाहिले, तर तुझे तोंड माझ्यापेक्षा जास्त उघडे राहिले होते.

"कवापासनं ठावं हाय?" असे अंबूबाईच ओरडल्या ना?

"पयल्या पत्रापासनं," बनू म्हणाली. "मामंजी, तुमी सोप्यात बसून वाचलं, 'प्रिय बनू'. मी दाराआड हुते. माझ्या हातातलं सूप पडलं. आवं, त्यास्नी तुमच्याफुडं माझं नाव घ्यायची छाती कवा झाली असती का? त्यांची पत्रं यायची ती तुमच्या नावानं. बैल कसा हाय, मोट नीट चालती का, चुलतीचा गुडघा बरा हाय का. समद्यांची चौकशी. आन् शेवटाला, 'बाकीची मंडळी कशी आहेत'. त्या बाकीच्यात मी."

चंदनबाले, मी मुलाचे सगळे केले. त्याचे विचार लिहिले, खाली त्याचे नाव घातले. पण बापासमोर लाजणारा माझा मुलगा मला लिहिता आला नाही. ज्याला मी मुखदुर्बळ म्हणून हिणवत होतो, त्याच्या त्या अर्ध्या ओळीत जे होते ते माझ्या सहा पानांत नव्हते.

मी विचारले, "मग बोलली का न्हाईस?" माझ्या तोंडून आपसूक गावची भाषा आली.

"कसं बोलू? वाचताना तुमचा आवाज भरून यायचा. वाटलं, ह्या मानसाला पोराचा आवाज काडून बरं वाटतंय, तर काडू द्या. मी ऐकलं न्हाई असं दावलं तर तुमी कुठं जाल? पर लय जड जायचं, मामंजी. दर पत्राला वाटायचं, आता ह्यात खरं काय असंल का. आन् नसायचं."

म्हणजे मी तिला सांभाळत होतो, आणि ती नऊ महिन्यांचे पोट घेऊन मला सांभाळत होती. तुझ्या तक्त्यावरचा आकडा चढत होता तो हे ओझे वाहून. मी सभांतून स्त्रीला अबला म्हणू नका असे गर्जत आलो. अबला कोणाला म्हणतात ते मी त्या दिवशी स्टुलावर बसून पाहिले, आणि ती खाटेवर नव्हती.

ती मग रडली. मी धीर धर म्हणालो नाही. तू सांगितल्यामुळे ओठ चावून बसलो.

आकडा कळव. सत्य सांगितल्याने तो खाली आला असेल असे मी गृहीत धरत नाही. नुसते खरे काय ते कळव. आणि एक सांगतो. आजवर मी दिलेल्या भाषणांतले कोणते फुकट गेले आणि कोणते लागू पडले, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. मारुतीच्या पटांगणातले एक लागू पडले. त्या पोत्यावर बसलेल्या मुलीचा मला जेवढा अभिमान वाटतो, तेवढा टाळ्यांचा कधी वाटला नाही.

तुझा,
ज्योतिबा मास्तर


सांगली
ता. २२ जुलै १९४२

ती. मास्तरांना नमस्कार.

आकडा तुम्ही मागितला होता. तुम्ही गेल्यावर तो दोन दिवस वरच होता, डॉक्टरीणबाई दारातून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून थोडा उतरला. पूर्ण कधीच उतरला नाही, पण झटके आले नाहीत. चौदा तारखेला सकाळी बाळंतपण झाले, त्याची तार तुम्हाला मिळालीच आहे. कळा अकरा तास चालल्या. मी बाजूला उभी राहायचे ठरले होते, ते शेवटपर्यंत उभी होते. माझ्या हातावर तिच्या नखांच्या खुणा आहेत. दुसऱ्या वॉर्डातल्या नर्सना मी त्या दाखवत फिरते.

यापुढचे पत्र बनूचे आहे. ती बोलली तसे मी लिहिले. एक अक्षर इकडेतिकडे केलेले नाही. तिने मला तशी शपथ घातली आहे.

चंदनबाला

मामंजींच्या पायावर डोस्कं ठिवून बनूचा नमस्कार.

मी बरी हाय. पोरगी बरी हाय. लय रडती. आत्याबाईनं पोरगी झाली म्हून तोंड वाकडं केलं, तवा बाई म्हनल्या, ह्या पोरीनं आनि हिच्या आईनं मिळून जे केलं ते पलटणीनं केलं नसतं. आता आत्याच पोरीला खाली ठिवंना.

तुमी बाईस्नी लिवलं, नाव काय ठेवायचं ते बनूनं ठरवावं. मी अजून ठरवलं न्हाई. सवड द्या.

मामंजी, मी पंधरा दिसांनी कोरेगावास येनार हाय. माझं म्हननं एवढंच हाय, की मी यायच्या आदी गावाला खरं सांगा. चावडीवर सांगा, देवळात सांगा, तुमाला जिथं वाटंल तिथं. बायका माझ्या कपाळाच्या कुकवाकडं चोरून बघतील आन् मागनं कुजबुजतील, ते मला नगं. मी कुकू लावून येनार हाय. फौजेनं मेला म्हून लिवलं न्हाई, तवर मीबी म्हननार न्हाई. कुणाला काय इचारायचं असंल त्यानं मला तोंडावर इचारावं. मी सांगीन.

तुमी फौजेच्या हापिसाला दर म्हैन्याला पत्र घाला. तुमच्यासारखं कडक लिवा, तिथं तुमची भाषा चालंल. उत्तर येईल ते माझ्या हातात द्या, फोडायच्या आदी. मला वाचाय येईना म्हून काय झालं, ते माझं हाय. मी फोडीन आन् तुमाला वाचाय देईन.

मी आता दाराआड बसनार न्हाई. सोप्यात तुमच्यासमूर बसीन. पोरीला घिऊन बसायला उजेड लागतो, आन् घरात उजेड फकस्त सोप्यात हाय. लोकास्नी काय म्हनायचं ते म्हनू द्या, तुमी त्यास्नी उत्तर द्यायला खंबीर हाय.

आपल्या घरची चुलती इथं बघायला आली तवा सांगून ग्येली, तुमी अलीकडं मळ्यात लय येळ बसता, जेवायला हाक मारली तरी येत न्हाई. कशाला बसता ते मला ठावं हाय. लेक हाय तो तुमचा. मला बाईनी इथं एक खोली दिली हुती, दार लावून बसायची. आपल्या घरात तशी खोली न्हाई. म्हून सांगते, मळ्यात जाऊ नगा. घरी या, सोप्यात बसा, आन् माझ्यासमूर रडा. मी तुमाला गप बसा म्हननार न्हाई.

बनू